क्यूदोत चार महिने नुसतं माकिवाराच चाललंय, आणि आता सेन्सेई (शिकवणारे गुरुजी) काही बोलतही नाहीत. सोडावं का?

सैतामाकर

नमस्कार मंडळी, थोडं मोठं होणार आहे, वेळ काढून वाचा अशी विनंती. इथे जपानी सहकाऱ्यांना हे विचारता येत नाही आणि घरी काढलं तर "मग सोडून दे ना, कोणी जबरदस्ती केलीय का" एवढ्यावर विषय संपतो.

मी मूळचा साताऱ्याचा, पाच वर्षं झाली जपानमध्ये सैतामात आहे, आयटीत. मागच्या मे महिन्यात आमच्या शहराच्या दोजोत (सरावाच्या जागेत) क्यूदोचा, म्हणजे जपानी धनुर्विद्येचा, नवशिक्यांसाठी वर्ग लागला त्यात नाव घातलं. लहानपणापासून मनात होतं की एकदा तरी धनुष्य हातात धरायचं. दहा शनिवार वर्ग झाला, मग क्लबचा मेंबर झालो. सुरुवातीचे दोन महिने तर खरं धनुष्यसुद्धा नाही, गोमुयुमी म्हणून काठीला रबर लावलेलं असतं ते आरशासमोर उभं राहून ओढायचं, पाय किती फाकवायचे, खांदे कुठे राहिले पाहिजेत, श्वास कधी सोडायचा. मग खरं धनुष्य आलं पण बाण नाही. सप्टेंबरपासून माकिवारा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, भाताचा पेंढा घट्ट आवळून बांधलेला जाडजूड भारा असतो, स्टँडवर आडवा ठेवलेला, त्याच्यापासून दोन मीटरवर उभं राहून त्यात बाण मारायचा. नेम चुकायचा प्रश्नच नाही. बाण आत जातो, फट् करून आवाज येतो, आपणच उपटायचा, परत उभं राहायचं. जानेवारी आला तरी माझं तेच चाललंय. खरं निशाण समोर 28 मीटरवर दिसत असतं, बाकीचे मारतात आणि मी कोपऱ्यात पेंढ्यासमोर.

याचंही मला एवढं काही वाटत नव्हतं. पण डिसेंबरमध्ये आमचं रिलीज होतं आणि मुलगी आजारी पडली, असे लागोपाठ तीन शनिवार गेलो नाही. कळवलं नाही, कारण कुणाला कळवायचं हेच डोक्यात आलं नाही, क्लासच तर आहे असं वाटलं. नवीन वर्षात गेलो तर कोणीही काही विचारलं नाही. रागावलं नाही, टोमणा नाही, एक सत्तरीच्या आजी आहेत त्या फक्त "बऱ्याच दिवसांनी" म्हणून हसल्या. आणि सेन्सेई, जे आधी दर वेळी माझ्या डाव्या मनगटाची पकड हाताने धरून सरळ करायचे, ते माझ्या मागून दोनदा गेले आणि काही न बोलता पुढे गेले. दोन्ही शनिवारी तेच.

साताऱ्याला शाळेत असताना आमचे कराटेचे सर खाडा केला की पन्नास दंड काढायला लावायचे, आणि दंड काढले की विषय संपला. इथे काही संपतच नाही. माझ्याबरोबर मे महिन्यात लागलेला एक मुलगा आठवड्यातून तीनदा येतो, तो नोव्हेंबरपासून निशाणावर मारतोय.

तर मला एवढंच विचारायचंय, माझ्यावर फुली मारलीय का? आणि नोकरी, लहान मूल असलेल्या माणसाने या वाटेला जावं का, की ज्याला पूर्ण वाहून घेता येत नाही त्याने मानाने बाजूला व्हावं? जे वर्षानुवर्षं करतायत त्यांनी मनापासून सांगा.

नागोयाकर

सैतामाकर, मी केंदो, म्हणजे जपानी तलवारबाजी, करतो, यंदा बारावं वर्ष, त्यामुळे धनुष्याचं मला कळत नाही पण दोजोचं कळतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्ही तीन शनिवार गेला नाहीत यात काही बिघडलेलं नाही. कळवलं नाहीत, हे बिघडलंय. ऑफिसात होरेन्सो शिकवलं असेल ना पहिल्याच आठवड्यात, सांगा, कळवा, विचारा, तेच इथे. तुमचे सेन्सेई बहुतेक फुकट शिकवत असतील, क्लबची जी फी असते ती हॉलचं भाडं आणि सामान यातच जाते. तो माणूस शनिवारी सकाळी लवकर उठून दार उघडतो तेव्हा आज कोण येणार, कुणाला काय सांगायचं हे त्याच्या डोक्यात असतं. तुम्ही यायचे आहात असं धरून त्याने वाट बघितली असणार, तीन वेळा. आणि तो ते तुम्हाला कधीही सांगणार नाही.

माझंच सांगतो. दुसऱ्या वर्षी जानेवारीत कानगेइको होतं, म्हणजे ऐन थंडीतला सराव, आठवडाभर रोज पहाटे सहाला. पहिले दोन दिवस गेलो, तिसऱ्या दिवशी उठवलं नाही, चौथ्या दिवशी पण नाही. पाचव्या दिवशी गेलो तर जरा लवकर पोचलो, साडेपाचला. दिवे लागलेले, आणि आमचे सेन्सेई, तेव्हा त्यांचं वय बहात्तर होतं, ओणवे होऊन झोकिन म्हणजे ओलं फडकं दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पळत फरशी पुसत होते. लाकडी फरशी, अनवाणी पाय, बाहेर शून्याच्या खाली. फरशी पुसायचं काम आम्हा खालच्या लोकांचं, आणि त्या दिवशी खालचं कुणीच वेळेवर आलेलं नव्हतं म्हणून ते करत होते. मला बघून म्हणाले ओहायो, आणि परत पुसायला लागले. मी बॅग टाकली, दुसरं फडकं भिजवलं आणि त्यांच्या शेजारून पळायला लागलो. आमच्यात त्या विषयावर आजवर एक शब्द झालेला नाही. त्या दिवसापासून मी साडेपाचला पोचतो, एवढंच.

हेच सेन्सेई सातव्या डानचे, म्हणजे सातव्या पायरीचे, आहेत. आठव्यासाठी दर वर्षी मे महिन्यात क्योतोला परीक्षेला जातात. आठव्याला बसायला सातवा मिळून 10 वर्षं झालेली लागतात आणि वय किमान 46, आणि शंभरात एखादाच पास होतो, कधी कधी तोही नाही. काही मिनिटांच्या लढती, तेवढ्यात परीक्षक बघतात आणि ठरवतात. आमचे सेन्सेई नापास होऊन येतात आणि पुढच्या मंगळवारी लहान मुलांना शिनाई, म्हणजे बांबूची तलवार, कशी धरायची ते शिकवत उभे असतात. केंदोत एका डानवरून दुसऱ्यावर जायला थांबावंच लागतं, पहिल्यावरून दुसऱ्याला एक वर्ष, मग दोन, मग तीन, असं सातव्यापर्यंत नुसती थांबायची वर्षं बेरजेला 21 होतात. तुमचे चार महिने या हिशोबात बसवून बघा म्हणजे जिवाला लागणार नाही.

वाहून घेणं म्हटलं की लोक यामाओका तेश्शूचं उदाहरण काढतात, मेइजी काळातला तलवारीचा मोठा गुरू. त्याच्या दोजोत 1000 दिवस सलग सराव केला की एका दिवसात 200 लढती लढायच्या, त्याच्या पुढची पायरी तीन दिवसांत 600 आणि शेवटची सात दिवसांत 1400. ऐकून अंगावर काटा येतो हे खरंय. पण मला विचाराल तर त्या 200 पेक्षा आधीचे 1000 दिवस बघा, त्यात एकही दिवस बघायला कोणी आलेलं नसणार.

पुढच्या शनिवारी अर्धा तास लवकर जा. सेन्सेईंसमोर बसून, डिसेंबरमध्ये न कळवता आलो नाही त्याबद्दल माफ करा, एवढं एकच वाक्य बोला. रिलीज, मुलगी, काही सांगत बसू नका, विचारलं तर सांगा.

कामोगावा

मी क्योतोत, क्यूदोला नऊ वर्षं झाली, चौथा डान. नागोयाकरांना पूर्ण अनुमोदन, मी फक्त माकिवाराबद्दल लिहिते कारण ते तुम्हाला शिक्षा वाटतंय आणि मला ते वाचून वाईट वाटलं.

निशाण 36 सेंटीमीटरचं असतं आणि 28 मीटरवर. ते एकदा समोर आलं ना की माणूस बदलतो. ओढताना सगळं बरोबर असतं, आणि मग डोळ्याला तो गोल दिसतो आणि हात स्वतःच सोडून देतो. पूर्ण ओढल्यावर जो थांबायचा क्षण आहे, काई म्हणतात त्याला, जिथे बाण गालाला लागलेला असतो आणि दोन्ही बाजूंना अजून वाढत राहायचं असतं, तो क्षण जगताच येत नाही. याला हायाके म्हणतात आणि हा आजार आहे, मी झटकन बरा होणारा सर्दी-खोकला म्हणत नाहीये, लोक वर्षानुवर्षं यातून बाहेर येत नाहीत. मला तिसऱ्या वर्षी झाला. दुसऱ्या डानच्या परीक्षेच्या तयारीत नेम लागायला लागला होता, शाबासकी मिळत होती, आणि एक दिवस बाण ओठापर्यंत येतो न येतो तोच सुटायला लागला. मी थांबवायचं म्हणते आणि हात ऐकत नाही. सेन्सेईंनी मला परत माकिवाऱ्यावर नेलं आणि सात महिने निशाणाकडे फिरकू दिलं नाही. त्या सात महिन्यांत कितीदा तरी घरी येऊन रडले. आज सांगते, मला क्यूदो जे काही येतं ते त्या पेंढ्यासमोर आलं. तिथे लागलं की चुकलं हा प्रश्नच नसतो, त्यामुळे आपण काय करतोय ते पहिल्यांदा ऐकू येतं. बाण घुसल्याचा आवाज रोज वेगळा असतो, ऐकून बघा, डावा खांदा वर चढलेला असला की तो बोथट येतो.

आठवड्यातून एकदाच येणाऱ्या माणसाला सेन्सेई निशाणावर उशिरा नेतात ते यासाठी. तो मुलगा तीनदा येतो म्हणजे तुमच्या चार महिन्यांत त्याचे बारा झाले, त्याच्याशी तुलना करू नका.

सेन्सेई बोलले नाहीत त्याबद्दल. माझ्या अनुभवात, एखादी गोष्ट सांगून झाली की ते बघत बसतात. तीन आठवडे खंड पडल्यावर अंगात काय राहिलं आणि काय गेलं हे बघायचं असेल तर हात लावून कसं चालेल? दोनदा मागून गेले म्हणता म्हणजे दोनदा बघितलं ना. ज्याच्यावर फुली मारली त्याच्या मागे कोण उभं राहतं. तरी खात्री पाहिजे तर विचारा, पण "मी निशाणावर कधी जाणार" असं नको, "आज माझी पकड बघाल का" असं विचारा.

आणि एक करा. सराव संपल्यावर आझुचीच्या कामाला जा. निशाणं ज्या वाळूच्या उतारात रोवतात ती आझुची. शेवटी निशाणं काढतात, बाणांनी पडलेली भोकं बुजवतात, पाणी मारतात आणि मग सपाट थापीने खालून वर थापत जातात. आमच्याकडे हे नवे लोक करतात आणि सगळ्यात जुनेही करतात, मधलेच पळ काढतात. बाण आणायला जाताना आधी टाळी वाजवून आवाज द्यायचा, पलीकडून उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, वाळूतनं बाण काढताना मुळाशी धरायचा, टोक फडक्याने पुसून परत द्यायचा. दुसऱ्याचा बाण पुसताना आपण त्याचा नेम कुठे चाललाय हे बघत असतो. बघून शिकणं हाही सरावच, त्याला मितोरीगेइको असा वेगळा शब्दच आहे, सराव न करता नुसतं बघायला आलेल्या माणसाला कोणी रिकामा समजत नाही. मुलीला ताप असेल, झोप झाली नसेल, तरी जाऊन अर्धा तास बसून बघून या.

नागोयाकरांनी तेश्शू काढला म्हणून इथलं एक सांगते. आमच्या घरापासून सानजूसानगेनदो सायकलवर वीस मिनिटं. त्या देवळाच्या लांबच लांब व्हरांड्यात जवळजवळ 120 मीटर बाण मारायची स्पर्धा असायची, चोवीस तास. 1669 मध्ये ओवारी घराण्याच्या होशिनो कानझाएमोनने 10,542 पैकी 8,000 बाण पार नेले, आणि 1686 मध्ये किशू घराण्याच्या वासा दाइहाचिरोने 13,053 पैकी 8,133. मिनिटाला नऊ बाण, दिवसभर आणि रात्रभर. व्हरांड्याच्या तुळयांकडे बघितलं की छाती दडपते. पण ही दोन्ही घराण्यांच्या प्रतिष्ठेची गोष्ट होती, त्या माणसांना त्यासाठीच पोसलेलं होतं. आपल्याला कोणी पोसलेलं नाही. आपल्याला शनिवार मिळतो, तो नीट वापरायचा.

दोन_मुलांची_आई

मी योकोहामात, मुलगा ज्युदोला जातो. वरच्या दोघांनी छान लिहिलंय आणि सैतामाकर, तुमचा दोजो मला चांगलाच वाटतोय. पण हे वाचणारे बाकीचेही असतील म्हणून दुसरी बाजू लिहिणं भाग आहे, कारण "जपानी शिस्त" म्हटलं की आपल्या लोकांचे हात आपोआप जोडले जातात.

मुलगा सात वर्षांचा असताना आधी एका क्लबात घातला होता. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून त्याला पाऊण तास सेइझात बसवलं, गुडघे मुडपून, टाचांवर. उठला तेव्हा पाय टाकता येईना, पडला, आणि बाकीची मुलं हसली तर तेही चालवून घेतलं. मी विचारायला गेले तर उत्तर मिळालं की इथे पालकांनी प्रश्न विचारायची पद्धत नाही. मी त्याच आठवड्यात काढलं. नवरा म्हणत होता अगं संस्कृती आहे त्यांची. मला ते पटलं नाही आणि मग मी वाचायला लागले.

2013 साली देशाच्या महिला ज्युदो संघातल्या 15 खेळाडूंनी मारहाण आणि अपमानाबद्दल तक्रार केली होती ते बाहेर आलं, मुख्य प्रशिक्षकाला पद सोडावं लागलं. राष्ट्रीय संघातल्या, मोठमोठी पदकं मिळवणाऱ्या बायका. त्याहून वाईट म्हणजे शाळांमधल्या ज्युदोत 1983 ते 2011 या काळात 118 मुलं दगावली, बरीचशी डोक्याला मार लागून, आणि त्यात नुकती सुरुवात केलेली पहिल्या वर्षाची मुलं खूप. ज्यांना पडायचं कसं हेच अजून येत नव्हतं त्यांना आपटलं जात होतं. सहन करणं म्हणजे शिस्त असं धरलं की हे होतं. 2012 पासून इथे माध्यमिक शाळेत बुदो, म्हणजे जपानी युद्धकला, सक्तीचं केलं तेव्हा यावर खूप आरडाओरड झाली, आणि व्हायलाच हवी होती. 2022 मध्ये ज्युदो फेडरेशनने प्राथमिकच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली, जिंकायच्या नादात मोठी माणसं मुलांचं काय करतात ते बघून. मला त्या निर्णयाबद्दल फार आदर वाटतो.

आणि ज्याने ज्युदो सुरू केला तो कानो जिगोरो, 1882 मध्ये तोक्योच्या एका देवळात 12 तातामींच्या खोलीत नऊ शिष्य घेऊन बसला, त्याच्या शिकवण्यात काता (ठरलेल्या हालचाली) आणि रांदोरीच्या (मोकळ्या लढतीच्या) बरोबरीने व्याख्यान आणि मोंदो होतं. मोंदो म्हणजे प्रश्नोत्तरं! शिष्याने विचारायचं आणि गुरूने उत्तर द्यायचं हा सरावाचा भाग होता. त्यामुळे "प्रश्न विचारायची पद्धत नाही" हे मला कोणी परंपरा म्हणून सांगू नये.

आता जिथे जातो तिथले सेन्सेई पहिले तीन महिने फक्त पडायला शिकवतात. उकेमी, उकेमी आणि उकेमी. मुलगा कंटाळायचा. परवा शाळेच्या जिन्यावरून घसरला, हात आपोआप बाजूला आपटला, मान आत घेतली, उठून आला घरी. बाकी काही नाही मिळालं तरी चालेल मला.

सैतामाकर, तुमच्या सेन्सेईंना तुम्ही प्रश्न विचारू शकता का? विचारल्यावर अपमान होईल अशी भीती आहे, की नुसता संकोच आहे? संकोच असेल तर बिनधास्त जा.

चिबा_लोकल

मी तुमच्यासारखाच होतो आणि मी थांबलो, म्हणून लिहितो. इआइदो, म्हणजे म्यानातून तलवार उपसायची विद्या, दोन वर्षं. मग जुळी झाली. क्लबच्या सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले क्यूकाई घ्या, म्हणजे तात्पुरती विश्रांती, फॉर्म होता एका पानाचा. सेन्सेईंना जाऊन भेटलो, त्यांनी मुलांची नावं विचारली, कशी लिहिता ते विचारलं. जागा ठेवलीय माझी. न सांगता गळून जाणं आणि सांगून थांबणं यात तिथे जमीन-अस्मानाचा फरक धरतात.

आमच्याच प्रांतात कातोरी देवस्थान आहे, तिथल्या तेनशिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू या तलवारविद्येच्या घराण्यात प्रवेश घेताना केप्पान करायची पद्धत आहे, बोटाचं रक्त काढून शपथेवर ठसा. परवानगीशिवाय विद्या कुणाला दाखवणार नाही वगैरे. मी एकदा देवस्थान बघायला गेलो होतो, सीडरची ती झाडं बघून बराच वेळ नुसता उभा होतो. तिथे निदान कबूल काय केलंय ते कागदावर असतं. तुमच्या आमच्या शहराच्या दोजोत कागद नसतो, पण कबुली असतेच, हे मला दोन वर्षांनी कळलं.

लाल_माती

सैतामाकर भावा, मी कोल्हापूरचा, शोतोकान कराटे 26 वर्षं, जपानला दोनदाच गेलोय, पण आजोबा पैलवान होते म्हणून लिहायचा हक्क सांगतो.

आजोबा सांगायचे, तालमीत गेल्यावर पहिलं वर्ष वस्तादांनी त्यांना हौद्यात कुस्ती धरू दिली नाही. माती उकरायची, चाळायची, त्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालायचं, पायाने तुडवायची, आणि कडेला जोर-बैठका. माती हाताला कळायला लागली की पाय आपोआप रोवायला लागतो असं म्हणायचे. कामोगावा ताईंनी त्या वाळूच्या उताराचं लिहिलंय ना, थापी घेऊन थापायचं, ते वाचताना मला आजोबांचे हातच दिसले. दोजो हा शब्द कुठून आला माहितीय का, आपल्याच बोधिमंडवरून. बुद्ध ज्या जागी बसले आणि ज्ञान झालं ती जागा, चिनी लोकांनी त्याचं भाषांतर केलं आणि ते जपानला गेलं. जागेला वाकून आत जायचं ते त्यासाठी, आणि तालमीच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो ते काय वेगळं आहे.

फुनाकोशी गिचिन, आमच्या शोतोकानचे मूळपुरुष, ओकिनावात वाढले. तीन तेक्की काता शिकायला त्यांना 10 वर्षं लागली. रात्री गुरूंच्या अंगणात, तेच ते, गुरूंना पटेपर्यंत पुढचं नाही. आणि आज आमच्या गल्लीत बोर्ड लागलेत, दीड वर्षात ब्लॅक बेल्ट. माझ्याकडे आलेली एक मुलगी अशाच एका क्लासमधून ब्लॅक बेल्ट घेऊन आली होती, तिला झेनकुत्सूदाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहायच्या पवित्र्यात, नीट उभं राहता येत नव्हतं, मागची टाच उचललेली. तिला परत पांढरा बांध म्हणायला माझी जीभ रेटेना. तिनेच बांधला, स्वतःहून. आज सहा वर्षं झाली, माझ्या वर्गातली सगळ्यात पक्की विद्यार्थिनी आहे. शोदान या शब्दाचा अर्थच मुळी सुरुवातीची पायरी असा आहे.

तुला चार महिने एकाच पेंढ्यासमोर ठेवणारा गुरू भेटलाय. भावा, असला माणूस आम्ही इकडे शोधत हिंडतो.

आईताईंचं पण शंभर टक्के खरं आहे. मी स्वतः पूर्वी पोरांना काठीने मारायचो, माझ्या गुरूंनी मला मारलं म्हणून. बंद केलं. त्याची लाज वाटते आणि ज्यांना मारलं त्यांतल्या दोघांची मी जाऊन माफी मागितलीय.

सैतामाकर

सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचं होतं पण आधी शनिवार होऊ दे म्हटलं.

आठला उघडतं, मी साडेसातला पोचलो. त्या आजी आधीच आलेल्या, दाराबाहेरची पानं झाडत होत्या. मी दुसरा झाडू घेतला. सेन्सेई आले तेव्हा आत जाऊन बसलो आणि नागोयाकर दादांनी सांगितलं तेवढं एकच वाक्य बोललो. सेन्सेई म्हणाले, घरी सगळे बरे आहेत ना? मी म्हटलं मुलगी आजारी होती. तेव्हा ते म्हणाले, मग ते कळायला हवं होतं, आम्ही इथे काळजी करत होतो. बास. माझा घसा भरून आला, पुढे काही बोलता आलं नाही.

मग माकिवारा. चार बाण मारले आणि कामोगावा ताई म्हणाल्या तसं विचारलं, पकड बघाल का. त्यांनी मनगटाला हातच लावला नाही, उजव्या कोपराच्या मागे दोन बोटं टेकवली आणि म्हणाले इथून. मी आठ महिने डाव्या हाताशी भांडत होतो! पाचवा बाण गेला त्याचा आवाज खरंच वेगळा होता ताई, कोरडा, छोटा. एकदाच आला, नंतर परत नाही आला, पण तो मी ऐकलाय.

आईताई, संकोचच होता. भीती नव्हती.

शेवटी आझुचीला गेलो. आजींनी थापी कशी धरायची ते दाखवलं, त्या 31 वर्षं येतायत म्हणे. पाण्याने हात इतके गारठले की बोटं मिटेनात. मध्ये जी खोल भोकं असतात तिथे आधी वाळू बोटाने आत दाबायची नाहीतर वरून सपाट दिसतं आणि पुढच्या वेळी निशाणच खाली बसतं, हे मला कधी कळलंच नसतं.

फेब्रुवारीत परत रिलीज आहे, दोन शनिवार जमणार नाही, ते आत्ताच सांगून आलो. सेन्सेईंनी माझी गोमुयुमी मागून घेतली, रबर सैल झालं होतं ते सोडून परत घट्ट बांधून दिलं आणि म्हणाले रोज वीस वेळा, आरशासमोर, मुलीला मोजायला सांगा. ती कालपासून मोजतेय, जपानीतून, चौदाच्या पुढे चुकते आणि परत एकपासून सुरू करायला लावते.

चिबा लोकल, त्या क्यूकाईच्या फॉर्मची माहिती काढून ठेवलीय, लागला तर भरेन, पण अजून नाही.

एक साधी अडचण राहिलीय, माझा पाय 29 सेंटीमीटरचा आहे आणि पांढरी ताबी (अंगठा वेगळा असलेले मोजे) मिळत नाहीये, क्लबच्या दुकानात 28 पर्यंतच आहे. कुणाला माहितीय का?

कामोगावा

तो कोरडा आवाज वाचून फार आनंद झाला. परत येईल, त्याच्या मागे लागू नका.

ताबी ऑनलाइन बघा, किमोनोवाल्यांकडे मिळणं कठीण. कापडी घेणार असाल तर 29 चीच घ्या, आकसते.

नागोयाकर

माझाही पाय मोठा, एका क्यूदोवाल्या मित्राने स्ट्रेच ताबी सुचवली होती, ताणली जाते म्हणून एलएल मध्ये बसली. दोन जोड घ्या, एक बॅगेत राहू दे. आझुचीवरून आल्यावर ओल्या पायांनी परत आत जायचं नसतं.